परदेशी शिकणाऱ्याची नजर

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला मुंबई इलाका प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले. निपाणी तेव्हा बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातले तंबाखूच्या व्यापाराचे गाव होते. अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए., लंडनची एम. एस्सी. आणि डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी एवढी विद्या त्यांनी वयाच्या तेहतिशीत मिळवली होती. परिषद ज्यांची होती त्यांना मात्र गावचा सार्वजनिक पाणवठाही मोकळा नव्हता. न्यूयॉर्क-लंडनमध्ये शिकताना या माणसाच्या मनात काय घडले, आणि ते निपाणीच्या मांडवापर्यंत कसे पोहोचले, याचा विचार मला इथे करायचा आहे.

परदेशी शिक्षणावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. त्यातले बहुतेक बोलणे प्रवेश, व्हिसा, कर्ज आणि नोकरी यांच्याभोवती फिरते. परक्या देशात शिकणारा मुलगा किंवा मुलगी शिक्षणाविषयी, माणसांच्या वागण्याविषयी आणि रोजच्या जगण्याविषयी जे मनन करते, त्याचा विचार फारसा होत नाही. असे मनन प्रत्येक जण करतोच. पूर्वी ते पत्रांतून घरी येई, आता फोनवरून येते. त्यातली बरीच नवलाई वर्षभरात ओसरते. थोडे टिकते, आणि क्वचित त्यातूनच समाजाकडे पाहण्याची नवी रीत जन्माला येते. हा फरक कशाने पडतो?

माझे प्रतिपादन असे : यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. रोजच्या सवयीला धक्का बसावा लागतो. तो धक्का तपासण्याची पद्धत वर्गात मिळावी लागते. आणि ज्या समाजाविषयी विचार केला, त्याच समाजात परत येऊन तो विचार कसाला लावावा लागतो. पहिली गोष्ट परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट मिळते. दुसरी कष्टाने मिळते. तिसरी फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि ज्यांच्या येते त्यांना ती महागात पडते.

अडखळणे

आंबेडकरांचे कोलंबियातले एक गुरू जॉन ड्यूई. १९१० साली त्यांनी ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकात विचारप्रक्रियेची फोड केली. त्यांच्या मते विचार आपोआप सुरू होत नाही. चालत्या वहिवाटीत काहीतरी अडते, माणूस अडखळतो, आणि तिथून विचाराला आरंभ होतो. आधी अडचण जाणवते, मग ती नेमकी कुठे आहे हे ठरवावे लागते, मग एखादा उलगडा सुचतो, तो खरा मानला तर पुढे काय निघेल हे तर्काने पाहावे लागते, आणि शेवटी निरीक्षणाने किंवा प्रयोगाने तो ताडून घ्यावा लागतो.

परदेशी विद्यार्थ्याच्या मननाला ही पाच पायऱ्यांची कसोटी लावली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेक जण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. पहिल्याच आठवड्यात रांगेत कोणी पुढे घुसत नाही हे दिसते, आणि निष्कर्ष तयार होतो : इकडचे लोक शिस्तीचे, आपले बेशिस्त. किंवा शेजारी वर्षभर दार वाजवत नाही, आणि निष्कर्ष निघतो : इकडचे लोक कोरडे, आपले मायाळू. दोन्ही वाक्यांत अडचणीचे स्थान निश्चित केलेलेच नाही. रांग कुठे पाळली जाते, कुठे मोडते, रांग मोडणाऱ्याला कोण काय बोलते, घरांची रचना कशी आहे, म्हातारी माणसे कुणाबरोबर राहतात, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. अशा मननाला मत म्हणता येईल, ज्ञान म्हणता येणार नाही.

अडखळण्याची तयारी आधीपासून केलेली असेल तर चित्र बदलते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत सेरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का, एकटीच का जाते, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, असे लोकांचे आक्षेप त्यांनी एकेक करून घेतले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काय नेसायचे, काय खायचे, खोलीतली शेगडी धुमसते तर थंडी कशी काढायची, हे रोजचे प्रश्न होते, आणि त्यांतला प्रत्येक निर्णय त्यांनी कारण शोधून घेतला. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, ती हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरच्या प्रबंधासह. घरचा विषय परक्या देशात नव्याने पाहण्याची ही आपल्याकडची फार जुनी नोंद आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तिसरी गोष्ट, परत येऊन काम करण्याची, त्यांना मिळालीच नाही.

ताट, पाणी, खोली

आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांसाठी. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. आधी ते हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण रुचेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले.

चरित्रांत हे तपशील आरंभाची हकिकत म्हणून येतात आणि वाचक पुढे जातो. माझ्या मते इथेच थांबायला हवे, कारण याच तपशिलांत त्यांच्या पुढच्या सिद्धांताचे मूळ आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसे आणि संध्याकाळी ते तरट परत घरी नेई. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपाई हजर असेल आणि त्याने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान. ही शाळेतली दिनचर्या होती, अपवादाने घडलेला प्रसंग नव्हता. त्याच माणसाला हार्टले हॉलमध्ये सगळ्यांबरोबर एका मेजावर ताट मिळाले, एकाच नळाचे पाणी मिळाले, खोली मिळाली. जेवण आवडले नाही म्हणून तो दुसरीकडे गेला. न आवडण्याचा हक्क बजावता येणे हीच केवढी नवी गोष्ट होती!

त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत एक नोंद आहे. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे ते सांगतात. मानसशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे. ही जाणीव पुसायला कुणी उपदेश केला नव्हता, कुणी ठराव केला नव्हता. रोज तीन वेळा एका मेजावर बसले, रोज ग्रंथालयाच्या दारातून आत गेले, आणि जाणीव गेली. म्हणजे ती सवयीने आलेली होती आणि सवयीनेच गेली. माणसाला जे उपजत वाटते त्यातले पुष्कळसे रोजच्या कृतींनी घडवलेले असते, हा धडा त्यांना ड्यूईंच्या वर्गात शब्दांत मिळाला आणि वसतिगृहात अंगावर मिळाला. दोन्ही एकाच काळात मिळाले म्हणून तो टिकला.

न्यूयॉर्कला पोहोचून काही आठवडे होतात न होतात तोच, ऑगस्ट १९१३ मध्ये, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिले. आईबाप मुलाला फक्त जन्म देतात आणि त्याचे नशीब वेगळेच कुणी लिहिते, ही समजूत आता सोडली पाहिजे, मुलांचे भवितव्य आईबाप घडवू शकतात, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे हे शिक्षणावरचे मनन. त्यात अमेरिकेची स्तुती नाही. परका देश पाहून घरच्या एका गृहीतकावर बोट ठेवले आहे, आणि लगेच कृती सुचवली आहे.

इथे एक अनुमान मांडतो. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या आरंभी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. पुढे धारवाडलाही वसतिगृह निघाले, त्याचा भार बळवंत हणमंतराव वराळे यांनी वाहिला. ‘डॉ. आंबेडकरांचा सांगाती’ हे त्यांचे पुस्तक सीमाभागातल्या वाचकाने जरूर वाचावे. शाळा काढण्याच्या आधी वसतिगृह का? पैशाची अडचण हे एक कारण आहेच. पण ज्याने स्वतः वसतिगृहात राहून मन बदलताना अनुभवले, त्याला विद्या फक्त वर्गात मिळत नाही, ती जिथे जेवतो-झोपतो तिथेही मिळते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

घरच्या चालीरीतींचे शास्त्र

आता दुसरी गोष्ट, पद्धत. कोलंबियात आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. पदवीसाठी एवढे लागत नव्हते. ही भूक एका विषयात मावणारी नव्हती, कारण प्रश्नच एका विषयात मावणारा नव्हता.

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्यांच्या आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या व्याख्या केल्या होत्या. आणखी एक नाव होते, ते आपल्या माणसाचे : श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि १९०९ मध्ये त्यांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरचे पुस्तक निघाले होते. पुढे ज्ञानकोश रचणारे ते हेच केतकर. सात वर्षांच्या अंतराने दोन मराठी विद्यार्थी अमेरिकेत बसून जातीवर लिहितात, आणि दुसरा पहिल्याचा आदराने परामर्श घेऊन त्याच्या पुढे जातो. मराठीतल्या समाजशास्त्राचा उगम सांगताना ही जोडी विसरली जाऊ नये.

आंबेडकरांचे प्रतिपादन थोडक्यात असे. हिंदुस्थानात गोत्राबाहेर लग्न करण्याची रीत मुळात सगळीकडे होती. तिच्यावर जातीच्या आतच लग्न करण्याची रीत लादली गेली, तेव्हा जात तयार झाली. आता जातीच्या आतच लग्ने लागायची तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा आधी मेला की एक स्त्री जास्त उरते, बायको आधी मेली की एक पुरुष. उरलेल्या स्त्रीने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, जातीतच दुसरे केले तर एखाद्या कुमारिकेचा नवरा घेते. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य. उरलेल्या पुरुषाला बायको द्यायची तर ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून, म्हणून बालविवाह. ज्या चालींना धर्माचा, पावित्र्याचा, त्यागाचा मुलामा होता, त्या तिन्ही चाली एका सामाजिक गणिताच्या गरजा म्हणून त्यांनी उलगडून दाखवल्या.

मग जातीची रीत एका वर्गातून साऱ्या समाजात पसरली कशी? इथे त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द आणि इंग्रज लेखक वॉल्टर बॅजट यांच्या अनुकरणावरच्या विचारांचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली वाहते, आणि ज्याचे करायचे तो जितका जवळ तितके ते पुरते होते. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या, त्यांच्याखालच्यांनी दोन, आणखी खालच्यांनी एखादीच, आणि अगदी दूरच्यांनी केवळ जातीतच लग्न करण्याचे तत्त्व उचलले. दार कुणीतरी आतून लावून घेतले आणि बाकीच्यांना ते बंद सापडले, असा हा उलगडा.

ड्यूईंच्या पाच पायऱ्या इथे पूर्ण झालेल्या दिसतात. अडचण रोजच्या जगण्यातली होती. तिचे स्थान निश्चित झाले, विवाहाच्या रीतीत. उलगडा सुचला, तर्काने त्याचे परिणाम काढले, आणि निरनिराळ्या जातींतल्या चालींच्या प्रमाणाशी तो ताडून पाहिला. हे काम साताऱ्यात बसून का झाले नसते? पुस्तके आणि गुरू नसते हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे असे की साताऱ्यात प्रत्येक प्रश्नाला ‘तू कोण विचारणारा?’ हा प्रतिप्रश्न होता. गोल्डनवायझर यांच्या खोलीत तो कोणी विचारला नाही. विचार करणाऱ्याची पात्रता तिथे त्याच्या युक्तिवादावर ठरत होती, आणि ही शास्त्राच्या उभारणीची पहिली अट आहे.

गुरूच्या मताविरुद्ध मोजणे

परदेशी विद्यापीठ म्हणजे न्याय आणि मोकळेपणा, असा अर्थ यातून काढू नये. इरावती कर्वे १९२८ ते १९३० बर्लिनला होत्या, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. फिशर वंशशुद्धीच्या विचाराचे एक प्रमुख पुरस्कर्ते. गोऱ्या वंशाच्या माणसांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीशी आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशावरून असा फरक पडत नाही, असे मोजमापाने निघाले, आणि त्यांनी तेच लिहिले.

पंचविशीतली परदेशी विद्यार्थिनी, परकी भाषा, आणि पदवी ज्याच्या हाती तो गुरू. त्याच्याच पट्टीने मोजायचे आणि आकडे सांगतात तेच सांगायचे. माणसाच्या वागण्याविषयी बोलणारे शास्त्रही आपल्या काळाचे पूर्वग्रह अंगावर घेऊनच येते, आणि त्याच शास्त्राची पद्धत प्रामाणिकपणे वापरली तर ती पूर्वग्रहाला उलटवू शकते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना मी याच एका उदाहरणासाठी इरावतीबाईंचे चरित्र वाचायला सांगतो. तिकडून पद्धत घ्यावी, निष्कर्ष तपासल्याशिवाय घेऊ नयेत.

परतणे

१९५५ मध्ये स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा आणि अभ्यासकांचा अभ्यास केला. आधी उत्साह, मग काही महिन्यांनी मन खचणे, मग हळूहळू जुळवून घेणे, असा आलेख त्याने मांडला. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्याला पुढचा भाग जोडला : मायदेशी परतल्यावरही तसाच खड्डा येतो. त्याआधी १९४५ मध्ये आल्फ्रेड शुट्झ यांनी घरी परतणाऱ्यावर निबंध लिहिला होता. परतणारा तोच राहिलेला नसतो आणि घरही तेच राहिलेले नसते, पण दोघांनाही ओळख तीच असल्याचा भास होतो, हा त्याचा गाभा.

हे आलेख उपयोगी आहेत, पण त्यांत एक न सांगितलेले गृहीतक दडलेले आहे. विद्यार्थ्याला मायदेशात मान असतो, परदेशात तो परका होतो, असे ते धरून चालतात. आंबेडकरांच्या बाबतीत हे उलटे आहे. माणसासारखे वागवले गेले ते परक्या देशात, आणि परकेपण वाट्याला आले ते परतल्यावर. सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कचेरीत शिपाई कागद अंगावर टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

लिसगार्डच्या आलेखावर हा खड्डा दाखवता येत नाही, कारण त्याचे कारण जुळवून न घेणे हे नव्हते. जुळवून घेणे याचा इथे अर्थ झाला असता पुन्हा तरटावर बसणे. म्हणून परदेशी विद्यार्थ्याच्या मानसशास्त्रात ‘समायोजन’ हे यशाचे एकमेव माप धरणे मला चूक वाटते. काही वेळा न जुळवून घेणे हीच शिकल्याची खूण असते. १९१६ चा निबंध वाचणारा विद्यार्थी आणि १९२५ च्या निपाणी परिषदेचा अध्यक्ष यांच्यामध्ये १९१७ चे बडोदे आहे. सिद्धांताला तिथे शरीर मिळाले.

कोलंबियातल्या गुरूंचे ऋण आंबेडकर विसरले नाहीत. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्यूईंचा उल्लेख गुरू म्हणून केला. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ड्यूई १ जूनला वारले होते.

न जाता परदेशी

प्रतिपादन पक्के करायचे तर विरोधी उदाहरण घ्यायला हवे. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याला १९०६ मध्ये आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये जन्मले. प्राकृत आणि जैन वाङ्मयाचे ते जगन्मान्य संशोधक. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी तीन दशके शिकवले, कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ची १९३५ मधली त्यांची आवृत्ती आणि पुढे ‘कुवलयमाला’ची आवृत्ती हे पाठचिकित्सेचे वस्तुपाठ मानले जातात. पदवीसाठी ते परदेशी गेले नाहीत. मग माझ्या तीन गोष्टींचे काय?

मला वाटते, त्यांनाही धक्का मिळालाच होता, तो भाषेचा. दूधगंगेच्या काठच्या सदलग्याचा मुलगा कन्नड आणि मराठी दोन्ही ऐकत वाढतो, मंदिरात प्राकृत गाथा ऐकतो, शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकतो. एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत समोर येते आणि मूळ रूप कोणते हा प्रश्न आपसूक पडतो. पाठचिकित्सेचा प्रश्नही तोच. पद्धत त्यांना ग्रंथांनी आणि परदेशी विद्वानांशी झालेल्या पत्रव्यवहाराने दिली. म्हणजे परदेश ही अट नाही. सवयीला छेद देणारे दुसरे जग जवळ असणे ही अट आहे.

असे दुसरे जग चिकोडी-निपाणीच्या मुलाला उंबऱ्याबाहेर पडताच भेटते. निपाणीची मुले देवचंद महाविद्यालयात जातात. ते आहे अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिकायला जायचे आणि दुपारी परत यायचे, हा १९६१ पासूनचा परिपाठ आहे. दुकानावरची पाटी कन्नड, आतले बोलणे मराठी, उधारीच्या वहीतले आकडे इंग्रजी. कचेरीतल्या अर्जाची भाषा वेगळी, वखारीतल्या कामाची वेगळी, भांडणाची आणखी वेगळी.

लग्नाच्या रीतीही एका गल्लीत नांदतात. एका घरी मामाच्या मुलीशी लग्न रीतीचे, शेजारच्या घरी मोठ्या बहिणीच्या मुलीशी मामाचे लग्नही रीतीचे, आणि कामानिमित्त उत्तरेकडून आलेल्या तिसऱ्या घराला दोन्ही ऐकून धक्का बसतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धती जिथे एकमेकींत मिसळतात तो प्रदेश म्हणून महाराष्ट्राकडे पाहिले. तो मिसळण्याचा प्रदेश आपल्या पायाखाली आहे, आणि शाळेत त्याचा उल्लेखही होत नाही.

धक्का आहे, पण तो अंगवळणी पडल्यामुळे धक्का वाटत नाही. इथे शिक्षकाचे काम येते. चिकोडी हा स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या शाळा त्यात आहेत. आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी निरीक्षणाची वही लिहायला लावावी. बसस्थानकावर कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलणे सुरू करतो आणि भाषा आधी कोण बदलतो. बिडी वळणाऱ्या बायका मोजताना कोणती भाषा वापरतात आणि मालकाशी बोलताना कोणती. कुणाच्या घरी कुणाला चहा कोणत्या कपात मिळतो. आधी फक्त नोंद, मत नको. मग अडचण कुठे आहे ते ठरवायचे, उलगडा सुचवायचा, आणि तो पुढच्या गल्लीत जाऊन ताडायचा. अशी वही लिहिलेला मुलगा उद्या म्युनिकला किंवा मेलबर्नला गेला तर पहिल्या आठवड्यात निष्कर्ष काढणार नाही. तो रांग मोडणाऱ्याकडे आधी पाहील.

जाण्याची वाट कोणाला मोकळी असते, हा प्रश्न मात्र वहीने सुटत नाही. सयाजीरावांची शिष्यवृत्ती नसती तर १९१६ चा निबंध नसता. आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची, त्यांतल्या बहुतेक अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२-२३ च्या तिच्या नियमावलीत अशी तरतूद आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास या विषयांवरच्या संशोधनासाठी ती मिळणार नाही. अशा अभ्यासाची साधने देशातच आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद. साधने इथे आहेत हे मान्य. पण अंतर इथे नाही, आणि ‘तू कोण विचारणारा?’ असे न विचारणारी खोली प्रत्येकाला इथे मिळतेच असेही नाही. आंबेडकरांचा कोलंबियातला एम. ए. चा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता. तो या नियमात बसला नसता. ‘कास्ट्स इन इंडिया’ तर मुळीच नाही.

निपाणीच्या तंबाखू वखारीत आणि बिडी कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी १९८० च्या दशकात चिकोडी तालुका कामगार महासंघात संघटित होऊन मजुरीसाठी आणि कामाच्या अटींसाठी लढा दिला. त्यांच्या नाती आता पदवीपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांतल्या एखादीला आजीच्या कामाचा, त्या कामाने घडवलेल्या घराचा आणि त्या घरातल्या वागण्याच्या रीतींचा अभ्यास लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाऊन करावासा वाटला, तर त्या नियमावलीप्रमाणे तिला तिथे संगणकशास्त्र शिकायला पैसे मिळतील, या विषयासाठी मिळणार नाहीत.